पंखा थांबला, तर आधी पाहावे

दिवा जंक्शनच्या परिसरात राहणाऱ्या कुटुंबाला मोटारीतील हीटरविषयी काही सांगू लागले, तर ते कुटुंब प्रथम हसेल. खाडीकाठच्या दमट हवेत जिथे माघातही घरातला पंखा बंद होत नाही, तिथे गाडी तापवायची कोणी आणि कशासाठी? हे हसू रास्त आहे. पण त्यात एक गैरसमज दडलेला आहे. मोटारीत हीटरचा पंखा आणि एसीचा पंखा असे दोन पंखे सहसा नसतात. डॅशबोर्डच्या आत डाव्या बाजूला, पुढच्या प्रवाशाच्या पायांच्या वर एकच पंखा बसवलेला असतो. त्यालाच ब्लोअर म्हणतात. गरम हवा, थंड हवा आणि समोरच्या काचेवरची वाफ घालवणारी हवा, या तिन्ही तोच ढकलतो. तो थांबला की तिन्ही थांबतात. थंडीत ती गैरसोय ठरते, उन्हाळ्यात त्रास होतो आणि पावसाळ्यात मात्र तो सरळ जिवाशी खेळ होतो.

एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. दिव्यातील कापडाचे दुकान. घरात आजी, तिचा मुलगा, सून आणि महाविद्यालयात जाणारा नातू. व्यापाराची ये-जा लोकलने होते, म्हणून गाडी इमारतीखाली तीन-तीन आठवडे उभी असते. आषाढ लागलेला, चातुर्मासाचे दिवस. ठाण्यात टेंभी नाक्यावरच्या श्री मुनिसुव्रतस्वामींच्या जिनालयात दर्शनाला जायचे ठरते. आजीच्या गुडघ्यांना दिव्याच्या फलाटावरची गर्दी झेपत नाही, म्हणून गाडी काढली जाते. शीळच्या दिशेने निघाल्यावर पाच-सात मिनिटांत पावसाची मोठी सर येते. काचा वर केल्या जातात आणि पाहता पाहता समोरची काच आतून पांढरी होते. मुलगा ब्लोअरची कळ फिरवतो. एक, दोन, तीन, चार. आवाज नाही, वारा नाही.

“रुमालाने पुसत पुसत जाऊ, वीस मिनिटांचा तर प्रश्न आहे,” तो म्हणतो.

“अरे, पुढचा रस्ता दिसत नाही आणि तू वीस मिनिटं मोजतोस?” आजी म्हणते. “बाजूला घे आधी. दर्शन उद्या होईल.”

आजीचा हा निर्णय केवळ भीतीपोटी घेतलेला नाही. ईर्यासमिती ही साधूंच्या आचारातील पहिली समिती. पुढची जमीन पाहून, जीव चुकवून पाऊल टाकावे, हा तिचा आशय. गृहस्थ वाहनाने फिरतो, साधूंइतकी सूक्ष्म दक्षता त्याच्याकडून होत नाही. परंतु ज्याला दोन हात अंतरावरचे दिसत नाही, त्याने चाक पुढे नेऊ नये, इतके तरी त्या समितीतून त्याच्या वाट्याला येतेच. धुकट काचेमागे बसलेल्या चालकाला रस्ता ओलांडणारे मूल दिसत नाही, कुत्रे दिसत नाही, खड्ड्यामुळे वळलेली रिक्षाही दिसत नाही.

काच अशी का होते, हे समजले की उपायही समजतो. गाडीत बसलेल्या चार माणसांच्या श्वासातून आणि ओल्या कपड्यांतून बाष्प सतत हवेत मिसळत असते. बाहेरच्या पावसाने काच गार झालेली असते. दमट हवा त्या गार काचेला टेकली की बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात. हे थेंब घालवायचे तर काचेवर कोरडी हवा फिरती ठेवावी लागते. एसी हवा गार करतो, तसाच तो तिच्यातील पाणी काढूनही टाकतो. म्हणून पावसाळ्यात एसी चालू, हवेचा झोत समोरच्या काचेकडे आणि आतली हवा आत फिरवण्याऐवजी बाहेरची हवा घेणारी कळ, अशी योजना करावी. सोबत थोडी गरम हवा मिसळली, तर काच अधिक लवकर स्वच्छ होते. मात्र थंडगार झोत दीर्घकाळ काचेवर राहिला, तर उलट काच बाहेरून धुरकट होते. तेव्हा वायपर चालवावा आणि थंडावा कमी करावा. या साऱ्या योजनेच्या मुळाशी ब्लोअर आहे. तो नसेल तर दिवे लावून, मागच्या वाहनांना इशारा देत गाडी सुरक्षित जागी घ्यावी, खिडक्या दोन-दोन बोटे उघडाव्यात, कोरड्या स्वच्छ फडक्याने काच पुसावी आणि पाऊस ओसरल्यावर सावकाश परतावे. त्या कुटुंबाने तेच केले.

खरा प्रश्न घरी आल्यावर सुरू होतो. यंत्र बंद पडले की माणसाचे मन दोन टोकांना धावते. ‘आपल्याला यातले काही कळत नाही’, हे एक टोक. ‘नवीनच बसवून टाका’, हे दुसरे. या दोहोंच्या मध्ये एक शहाणी वाट आहे, ती म्हणजे क्रमाने पाहण्याची. स्वस्त आणि सोपे कारण आधी, महाग आणि अवघड कारण शेवटी.

सर्वांत आधी कानाने पाहावे. कळ फिरवल्यावर आतून पंख्याचा आवाज येतो आणि वारा मात्र मंद लागतो, असे असेल तर पंखा निर्दोष असून वाट अडलेली असते. केबिन फिल्टर धुळीने भरलेला असतो, किंवा हवा आत घेणारी समोरच्या काचेखालची जाळी पानांनी बुजलेली असते. पंखा जोरात चालतो, पण हवा गरमच होत नाही, असे असेल तर दोष ब्लोअरचा नसतो. इंजिनाचे गरम पाणी, म्हणजे कूलंट, हीटरपर्यंत पोहोचते की नाही, थर्मोस्टॅट ठीक आहे की नाही, ते पाहावे लागते. आवाजही नाही आणि वाराही नाही, तेव्हाच ब्लोअरच्या विजेकडे वळावे.

विजेच्या वाटेवर पहिला पहारेकरी फ्यूज. गाडीच्या माहितीपुस्तकात फ्यूजपेटीचे ठिकाण आणि ब्लोअरच्या फ्यूजचा क्रमांक दिलेला असतो. किल्ली काढून, फ्यूज चिमट्याने उपसून उजेडात धरावा. आतील पट्टी तुटलेली दिसली तर तो गेला. नेहमीच्या चपट्या फ्यूजांचे रंग ठरलेले असतात: 10 अँपिअरचा लाल, 15 चा निळा, 20 चा पिवळा, 25 चा पारदर्शक, 30 चा हिरवा. जितक्या अँपिअरचा गेला, तितक्याच अँपिअरचा बसवावा. फ्यूजनंतर रिले. त्याच पेटीत त्याच क्रमांकाचा दुसरा रिले असेल, तर अदलाबदल करून पाहता येते. पंखा फिरला, तर दोष उघड झाला.

पंखा फक्त शेवटच्या, सर्वांत जोराच्या वेगावर चालतो आणि एक-दोन-तीनवर निपचित राहतो, हे लक्षण अनेकांच्या अनुभवाचे असते. याचा अर्थ बहुधा रेझिस्टर गेला असा होतो. हाताने फिरवायच्या कळीच्या गाड्यांत वेग कमी करण्यासाठी वीज रेझिस्टरमधून जाते. शेवटच्या वेगाला ती त्याला वगळून थेट मोटरला मिळते. म्हणून रेझिस्टर जळाला तरी शेवटचा वेग जिवंत राहतो. हा सुटा भाग मोटरच्या मानाने पुष्कळ स्वस्त असतो. तो बदलताना त्याच्या जोडणीचे प्लास्टिक तपकिरी पडले आहे का, वितळले आहे का, तेही पाहावे. नाहीतर नवा रेझिस्टरही त्याच वाटेने जातो. तापमान आपोआप राखणाऱ्या गाड्यांत रेझिस्टरच्या जागी इलेक्ट्रॉनिक भाग असतो. तिथे हे लक्षण लागू पडेलच असे नाही.

शेवटी मोटर. तिच्या तोंडाशी येणारी जोडणी काढून, किल्ली चालू करून, कळ सर्वांत जोराच्या वेगावर ठेवून टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर लावला की निकाल मिळतो. तिथपर्यंत सुमारे 12 व्होल्ट पोहोचत आहेत, अर्थिंगही नीट आहे आणि तरीही मोटर फिरत नाही, तर मोटर दोषी. वीज पोहोचतच नसेल, तर दोष अलीकडे कुठेतरी आहे आणि नवी मोटर आणून काही उपयोग नाही. मोटरच्या आवरणावर हलके टिचकी मारल्यावर ती फिरू लागली, तर आतील कार्बन ब्रश झिजले आहेत असे समजावे. अशी मोटर आज चालली तरी तिच्या भरवशावर घाटात जाऊ नये. ही तपासणी जाणत्या वायरमनकडूनच करवून घ्यावी. डॅशबोर्डच्या त्या भागात एअरबॅगच्या तारा असतात, त्यांच्या जोडण्या बहुधा पिवळ्या असतात. त्यांना हौशी माणसाने हात लावू नये. दिव्यातील सखल भागात कधी गाडीत पाणी शिरले, तर कळ फिरवून पाहण्याचा मोहही टाळावा. आधी बॅटरीची जोडणी काढून घ्यावी.

आपल्या कुटुंबाच्या गाडीत फ्यूज गेलेला निघाला. नातवाने तेवढ्याच अँपिअरचा नवा बसवला. कळ फिरवताच तोही गेला.

“थोडा मोठा बसवू का?” नातू विचारतो. “नाहीतर चांदीच्या कागदाचा तुकडा. कोपऱ्यावरचा दादा तसंच करतो.”

“फ्यूज कशासाठी असतो रे?” आजी विचारते.

“जास्त वीज गेली तर तार जळू नये म्हणून.”

“मग तो दोनदा सांगतोय की आत काहीतरी अडलंय. त्याचं तोंड बंद करू नकोस. आत काय आहे ते बघ.”

यंत्रशास्त्र न शिकलेल्या आजीने नेमके शास्त्रच सांगितले. फिरता न येणारी मोटर अधिक वीज ओढते आणि म्हणून फ्यूज उडतो. मोठा फ्यूज किंवा चांदीचा कागद लावला की फ्यूज उडत नाही. त्याऐवजी तार तापते, आवरण वितळते आणि डॅशबोर्डच्या आत आग लागू शकते. दुसरा फ्यूजही लगेच उडाला, तर तिसरा लावू नये. पंखा मोकळा फिरतो का, ते पाहावे.

नातवाने डावीकडचा कप्पा उतरवला, फिल्टरचे झाकण काढले आणि टॉर्च मारला. आत कापसाचे पुंजके, पुसण्याच्या फडक्याच्या चिंध्या, चण्याची टरफले, खाकऱ्याच्या पुडीचे तुकडे. आणि त्या सगळ्याच्या मध्ये डोळेही न उघडलेली उंदराची चार पिले.

घरात काही क्षण कोणी बोलले नाही. सकाळपासून किती वेळा कळ फिरवली, याची मनातल्या मनात मोजणी झाली. पंखा घरट्याच्या चिंध्यांत अडकून राहिला, फ्यूज उडाला, म्हणून ती पिले वाचली. चांदीचा कागद लावला असता, तर काय झाले असते, हे कोणी उच्चारले नाही. सून एवढेच म्हणाली, “मिच्छा मि दुक्कडं.”

गृहस्थाला आरंभी आणि उद्योगी हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही, हे आपल्या आचार्यांनी मान्य केले आहे. त्याने संकल्पी हिंसा सोडावी आणि उरलेल्या व्यवहारात यत्नाचार, म्हणजेच जयणा, पाळावी, अशी अपेक्षा आहे. ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर जयणेपुढे पुरे पडत नाही, कारण माहीत करून घेणे हाच जयणेचा प्रारंभ आहे. साधू-साध्वी वस्त्रपात्रांचे प्रतिलेखन करतात. म्हणजे वापरण्याआधी ती वस्तू उलगडून, निरखून, तिच्यात जीव नाही ना, हे पाहतात. महिनाभर उभी असलेली मोटार हेही एक मोठे पात्रच आहे. बॉनेटखाली ऊब शोधणारे मांजर असते, जाळीखाली पाल असते, फिल्टरवर घरटे असते. सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा माराव्यात, खाली वाकून पाहावे आणि फार दिवस उभ्या असलेल्या गाडीचा फिल्टर उघडून पाहावा. या प्रतिलेखनाला फार वेळ लागत नाही.

पिले सापडली, तर काय करावे? जाड हातमोजे घालून, नाकातोंडावर रुमाल बांधून, घरटे शक्य तितके अखंड उचलून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावे. ते खोके गाडीजवळच, पावसापासून आणि मांजरापासून आडोशाला, रात्रभर ठेवावे. मादी अनेकदा येऊन पिलांना हलवते. तोवर ब्लोअरला हात लावू नये. चिकट पुठ्ठे लावणे ही अत्यंत क्रूर रीत आहे. जीव त्यावर तासन्तास तडफडतो. विषाच्या वड्यांनी उंदीर डॅशबोर्डच्या आतच मरतो आणि त्याची दुर्गंधी महिनाभर गाडी सोडत नाही. मोठ्या उंदरासाठी पिंजरा लावून त्याला जिवंत दूर सोडणे हाच सरळ मार्ग. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिससारखा आजार पसरतो. म्हणून आतली जागा कोरडी झाडू नये, जंतुनाशकाच्या पाण्याने ओली करून पुसावी आणि फिल्टर नवा घालावा.

दुसऱ्या दिवशी खोके रिकामे होते. मग गाडी गॅरेजमध्ये गेली. मेकॅनिकने पाहताक्षणीच सांगितले, “शेठ, मोटर गेली असणार. नवी टाकून देतो.” मुलाने शांतपणे म्हटले, “आधी आतलं साफ करा, हाताने पंखा फिरवून बघा, मग फ्यूज टाकून चालवून दाखवा. नाहीच चालली, तर नवी टाकू. जुनी मात्र मला परत हवी.” जाळी साफ झाली, चिंध्या निघाल्या, पंखा बोटाने मोकळा फिरला. नवा फ्यूज टिकला आणि चारही वेगांवर वारा आला. जे बिल झाले, ते साफसफाईचे आणि फिल्टरचे.

ही गोष्ट ग्राहकाची झाली. परंतु या मासिकाच्या वाचकांत ग्राहक आहेत, तसे सुट्या भागांचे व्यापारीही आहेत. त्यांच्यासाठी तिची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतला एक आहे ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे अस्सलाच्या नावाने नक्कल खपवणे. नामांकित कंपनीच्या डब्यात बनावट रेझिस्टर घालून विकणे हे त्याचे आजच्या काळातील उघड रूप. बनावट भागात बारीक तार, हलके प्लास्टिक आणि उष्णता न सोसणारी जोडणी असते. दुकानदाराचा चार पैशांचा नफा गिऱ्हाइकाच्या डॅशबोर्डमध्ये ठिणगी होऊन राहतो. कंपनीचा भाग आणि बाजारातील दुसऱ्या बनावटीचा भाग, हे दोन्ही ठेवण्यात दोष नाही. एकाला दुसऱ्याच्या नावाने विकण्यात दोष आहे. ‘हा कंपनीचा नाही, पण चालेल, याची हमी इतकीच’, असे स्पष्ट सांगणारा दुकानदार एखादे गिऱ्हाईक गमावेल, पण व्रत गमावणार नाही. जिथे रेझिस्टरने काम भागते तिथे मोटर खपवणे, हेही त्याच वाटेवरचे पाऊल आहे.

ब्लोअरचे महत्त्व पावसाळ्यापुरते संपत नाही. पौष-माघात दिव्याहून मांगी-तुंगीला किंवा नाशिकजवळच्या गजपंथाला जाणारी कुटुंबे पहाटे अंधारात निघतात. मांगी-तुंगीच्या डोंगरात कोरलेली भगवान ऋषभदेवांची 108 फुटी मूर्ती पाहण्याची ओढ मोठी असते. कसारा घाट चढताच हवा पालटते. नाशिक-निफाड परिसरात थंडीच्या लाटेत पारा 10 अंशांच्या खाली उतरतो. तिथे हीटर हा चैनीचा विषय राहत नाही. मागच्या आसनावर लहान मूल आणि वृद्ध बसलेले असतात. आणखी एक उपयोग फार थोड्यांना ठाऊक असतो. घाट चढताना इंजिनाच्या तापमानाचा काटा वर जाऊ लागला, तर एसी बंद करून हीटर आणि ब्लोअर पूर्ण जोरात सुरू केल्यास इंजिनाची काही उष्णता आत खेचली जाते आणि सुरक्षित जागी थांबेपर्यंत थोडा अवधी मिळतो. काटा उतरला नाही, तर गाडी थांबवावी. रेडिएटरचे झाकण गरम असताना मुळीच उघडू नये.

ही पाळी येऊ नये, म्हणून वर्षातून दोन दिवस ठरवून ठेवणे सोपे. एक, चातुर्मासाच्या आधी, दुसरा, दिवाळीनंतर. त्या दिवशी चारही वेगांवर ब्लोअर चालवून ऐकावा, काचेखालची पाने काढावीत, फिल्टर उपसून पाहावा, हवेच्या वाटेवर बारीक तारेची जाळी आहे का ते तपासावे. गाडीत खाण्याच्या पुड्या ठेवू नयेत. उभी गाडी आठवड्यातून एकदा तरी, आधी पाहून आणि मग, सुरू करावी. माहितीपुस्तकासोबत योग्य अँपिअरचे दोन फ्यूज ठेवावेत.

पुढच्या रविवारी ते कुटुंब पुन्हा निघाले. नातवाने आधी बॉनेटवर थाप मारली, वाकून चाकांखाली पाहिले, फिल्टरचे झाकण उघडून टॉर्च मारला आणि मगच किल्ली फिरवली. शीळच्या रस्त्यावर पुन्हा सर आली. काच क्षणभर धुरकटली आणि खालून वर, हळूहळू, निवळत गेली. मागे बसलेल्या आजीने नवकार संपवला आणि विचारले, “दिसतंय ना रे नीट?”

“दिसतंय आजी,” नातू म्हणाला.